घराच्या रिनोव्हेशनचं कोटेशन रास्त आहे का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नात्यात किंवा सोसायटीत कुणाच्या घरी काम निघालं की कोटेशनचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली एकच ओळ, "बघ रे, जास्त लावलेत का?" आता एका पानावर सहा ओळी आणि खाली साडेआठ लाखांचा आकडा, एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. उदाहरणं मुंबई-पुण्याकडच्या जुन्या फ्लॅटची आहेत, बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर मापं बदलतील, हिशोबाची रीत तीच.

तीन काँट्रॅक्टरनी तीन आकडे दिले, पावणेसहा लाख, साडेसात आणि अकरा. खरा कुठला?

बहुतेक वेळा तिन्ही खरे असतात, कारण तिघांनी वेगवेगळ्या कामाचे पैसे सांगितलेत. पहिल्याने फरशीवर फरशी धरली असेल, दुसऱ्याने जुनी काढून, तिसऱ्याने जुनी काढून वर नवीन वायरिंगही धरलं असेल, आणि तुम्ही तिघांनाही घर दाखवताना "सगळं करायचंय" एवढंच बोललेले असता. त्यामुळे खालचा आकडा आधी झाकूनच ठेवा. कोटेशनमध्ये गडबड असली तर ती दरात कमी आणि मापात, मालाच्या वर्णनात आणि जे लिहिलंच नाही त्यात जास्त असते. दर सगळ्यांना साधारण माहीत असतो, शेजाऱ्याला विचारला की कळतो, म्हणून तिथे फार कुणी चढवत नाही. माप मात्र कुणी बघायला जात नाही.

मग कोटेशन मागायचं तरी कसं?

यादी तुम्ही करा, काँट्रॅक्टरने नाही. खोलीप्रमाणे लिहा, हॉलमध्ये काय, ओट्याला काय, बाथरूममध्ये काय, आणि हीच यादी तिघांना द्या. प्रत्येक कामापुढे पाच गोष्टी भरून मागा: कामाचं वर्णन मालाच्या ग्रेडसकट, माप, एकक, दर आणि रक्कम. जो म्हणेल "साहेब एवढं कशाला, टोटल बघा ना" त्याला सरळ सांगा की टोटल शेवटी बघू. काही चांगले कारागीरसुद्धा लिहायला कंटाळतात, हे खरंय, तेव्हा तो बोलेल तसं तुम्ही लिहून घ्या आणि त्याला व्हॉट्सॲपवर "ओके" टाकायला सांगा, तेवढं पुरतं.

"किंवा तत्सम" हे दोन शब्द दिसले की खोडा. वर नामी कंपनीचं नाव आणि पुढे "किंवा तत्सम" म्हणजे कंपनीचा भाव लावून दुसराच माल आणायची सोय.

मला यातलं काही कळत नाही, माप कसं तपासणार?

टेप आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, बस. एक बाथरूम करून बघू. ५ बाय ८ फुटांची बाथरूम, आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये नेहमीची. चारी भिंतींची लांबी मिळून २६ फूट, टाइल ७ फुटांपर्यंत लावायची तर १८२ चौरस फूट, त्यातून अडीच बाय सातचं दार वजा केलं की राहिले साधारण १६५. काटछाट आणि तुटफूट म्हणून १० टक्के वाढवा, १८१ झाले. चार बाय दोनच्या टाइलच्या एका बॉक्समध्ये सहसा २ टाइल येतात आणि तो बॉक्स साडेपंधरा चौरस फूट भरतो, म्हणजे १२ बॉक्स लागतील. खाली जमिनीची ४० फूट वेगळी, तिथे अँटिस्किड टाइल असते.

आता कोटेशनमध्ये याच बाथरूमच्या भिंतीला २५० फूट लिहिले असतील तर ८५ फूट कुठून आले हे विचारायचं. कदाचित तो टाइल छतापर्यंत धरतोय, मग ठीक, पण ते लिहिलेलं पाहिजे. तसं नसेल तर दोन बाथरूमचे १७० फूट जास्तीचे, आणि माल-मजुरी मिळून समजा १३० रुपये फूट पडत असेल तर २२,१०० रुपये नुसते टेपमध्ये गेले, तेही दर अगदी बाजारभावाने लावून.

रंगाचंही तसंच. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट. भिंती ४१८, छत १२०, एकूण ५३८, दार-खिडकीचे मिळून ४१ वजा, राहिले ४९७ चौरस फूट. रंगारी लोक कार्पेटच्या (म्हणजे घराच्या आतल्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या) साडेतीन पट असा एक ठोकताळा लावतात, तो छोट्या खोल्यांत कमी पडतो हे या उदाहरणातच दिसतं, इथे चार पटीच्या वर गेलंय. उलट ज्या घरात भिंतभर कपाटं आहेत आणि किचनला अर्ध्यापर्यंत टाइल आहे तिथे तोच ठोकताळा जास्त पडतो. म्हणून मोजाच. आणि दार-खिडक्या वजा करणार का हे आधीच विचारा, काही जण मोठ्या खिडकीचेसुद्धा पैसे भिंत म्हणून लावतात.

जुन्या माणसांकडून ब्रासमध्ये दर आला तर गोंधळू नका. गिलाव्याचा किंवा फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट.

कार्पेटवर चौरस फुटाला अमुक रुपये, सगळं त्यात, असं पॅकेज आहे. घ्यावं का?

६०० फुटांच्या एका घरात एक बाथरूम असते, दुसऱ्यात दोन. सगळ्यात जास्त खर्च ओटा आणि बाथरूमला येतो, हॉलला नाही, त्यामुळे कार्पेटवर लावलेला दर कुणाला तरी स्वस्त आणि कुणाला तरी महाग पडणारच. पॅकेज घ्यायचंच असेल तर त्यात टाइल कितीपर्यंतची, नळ कुठले, इलेक्ट्रिकचे पॉइंट किती, हे सगळं लिहून घ्या, आणि ते लिहून घेतलं की ते पॅकेज राहतच नाही, साधं कोटेशन होतं.

फर्निचरचा हिशोब डोक्यावरून जातो. कपाटाला फुटाचा दर कसा असतो?

सहसा समोरून दिसतं तेवढं माप, रुंदी गुणिले उंची. ७ बाय ७ चं कपाट म्हणजे ४९ फूट. या एका दरात आतले खण, ड्रॉवर, बिजागऱ्या, चॅनल, आतून लॅमिनेट, हँडल, सगळं असू शकतं किंवा काहीच नसू शकतं, म्हणून नुसता दर विचारण्यात अर्थ नाही.

मी काय करतो, प्लायच्या शीट मोजतो. शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ फूट. दोन फूट खोल, तीन खणांचं कपाट धरा. उभ्या चार फळ्या ५६ फूट, वर-खाली मिळून २८, आतले दहा कप्पे साधारण ४६, समोरचे दरवाजे ४९. बेरीज १७९ फूट १८ एमएम प्लाय, म्हणजे काटछाट धरून ६ ते ७ शीट, शिवाय पाठीला ६ एमएमच्या २. आता लाकडाच्या वखारीत किंवा प्लायच्या दुकानात जाऊन त्या ग्रेडच्या शीटचा भाव विचारा, लॅमिनेट आणि हार्डवेअर मिळवा, सुताराची मजुरी मिळवा. कोटेशनची रक्कम याच्या आसपास आहे की दुप्पट आहे हे लगेच कळतं. दुप्पट असेल तर का ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि कधीकधी उत्तर रास्तही असतं, सॉफ्ट क्लोज चॅनल, ॲक्रिलिक शटर, फॅक्टरीत एज बँडिंग (कडांना पट्टी) केलेलं, याला पैसे लागतातच.

वरच्या लॉफ्टला कपाटाचाच दर लावलाय का बघा. लॉफ्टमध्ये ना खण ना ड्रॉवर, नुसता खोका आणि दोन झाकणं, दर कमी व्हायला हवा.

आणि "वॉटरप्रूफ प्लाय" एवढंच लिहून घेऊ नका, दुकानात वॉटरप्रूफ म्हणून काहीही देतात. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०, साध्या कमर्शियलचं आयएस ३०३. सिंकखाली आणि बाथरूमजवळ ७१० मागा, बेडरूमच्या कपाटाला त्याची गरज नाही, तिथे उगाच पैसे जातात. शीटवर आयएसआय मार्कसोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर छापलेला असतो, तो बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. माल आला की पहिल्या दिवशीच बघा, कापून लॅमिनेट चढल्यावर काही दिसत नाही.

दर रास्त आहे का हे कुठे बघायचं?

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते, लोक तिला अजून डीएसआरच म्हणतात, आणि केंद्राच्या बांधकाम खात्याचीही वेगळी असते. दोन्ही नेटवर मिळतात. यातले दर तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या, लिफ्ट बंद असलेल्या फ्लॅटला जसेच्या तसे लागणार नाहीत, सरकारी कामं मोठी असतात आणि छोट्या कामाला दर जास्त पडतोच. पण एका कामात काय काय येतं याचं वर्णन तिथे इतकं नीट असतं की काँट्रॅक्टरला काय विचारायचं ते कळतं. केंद्रीय खात्याच्या दरविश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून १५ टक्के धरतात. छोट्या घरकामात २० पर्यंत गेला तरी मी त्याला लूट म्हणणार नाही, रोज साइटवर उभं राहणं, माणसं पळाली की दुसरी आणणं, हे काम फुकट होत नाही.

दुसरा उपाय साधा आहे. गवंड्याची आणि बिगाऱ्याची हजेरी (दिवसाची मजुरी) तुमच्या भागात किती चालू आहे ते विचारा. सरळ खोलीत एक फरशीवाला आणि एक बिगारी दोन बाय दोनच्या टाइल दिवसाला साधारण शंभर फूट लावतात. दोघांची हजेरी भागिले शंभर, हा मजुरीचा तळ झाला. बाथरूममध्ये कोपरे, उतार, नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालची कुंडी), त्यामुळे काम निम्म्यावर येतं आणि दर वाढतो, ते बरोबरच आहे.

"वॉटरप्रूफिंग, लमसम, ४५ हजार" अशी एक ओळ आहे. चालेल?

नाही चालणार. सगळ्या कोटेशनमध्ये ही ओळ सगळ्यात महाग पडू शकते, कारण चुकली तर नवी टाइल फोडावी लागते आणि खालच्या शेजाऱ्याचं छतही रंगवून द्यावं लागतं. त्यात काय काय हवं ते सांगतो. जुनी टाइल आणि खालचा थर स्लॅबपर्यंत काढणार का. पाइप आणि नहाणी ट्रॅपच्या भोवतीची फट कशाने भरणार. कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) करणार का नुसतं कोटिंग, आणि कोटिंग असेल तर कुठल्या कंपनीचं, किती हात, भिंतीवर किती वर घेणार, निदान एक फूट तरी घ्यायला हवं आणि शॉवरच्या बाजूला त्याहून जास्त. मग पाणी भरून ठेवायची टेस्ट.

ही टेस्ट कशी होते ते बघाच एकदा. ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून बाथरूमच्या जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरतात, भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीची खूण करतात आणि ४८ तास तसंच ठेवतात. बाष्प होऊन थोडं उतरतं, ते चालतं. खालच्यांच्या घरी जाऊन छताला हात लावून बघायचा, ओल लागली नाही तरच पुढे फरशी. कोटेशनमध्ये "४८ तास पाणी भरून टेस्ट, त्यानंतरच टाइल" असं वाक्य लिहून मागा. जो हे लिहायला का कू करतो त्याचं वॉटरप्रूफिंग स्वस्तात मिळालं तरी नको.

इलेक्ट्रिकलचे ६५ पॉइंट लावलेत, खरंच एवढे असतात?

असू शकतात, आधी त्याचा पॉइंट म्हणजे काय ते विचारा. एका बटणावर एक दिवा म्हणजे एक पॉइंट, हे सरळ. पण तीन दिवे एका बटणावर असतील तर एक का तीन, बेडजवळचं दुसरं बटण वेगळं मोजतो का, बोर्डवरचा मोबाईल चार्जिंगचा प्लग अर्धा का पूर्ण, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. घरात फिरून भिंतीवर खडूने खुणा करत दोघांनी मिळून मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे. दरात वायर, पाइप, बॉक्स, स्विच, प्लेट यातलं काय आहे आणि भिंतीत झिरी मारून परत भरून देणं आहे का तेही. वायरची जाडी लिहून घ्या, लाइट-फॅनला १.५, मोठ्या प्लगला २.५, एसीला ४ चौरस मिमी असं सहसा घालतात. जुन्या घरात शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो आत्ताच घालून घ्या, यात काटकसर नको.

खाली बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" लिहिलंय.

माल-मजुरी मिळून केलेल्या कामावर १८ टक्के. ८ लाखांच्या कामाला १ लाख ४४ हजार, म्हणजे अख्खी एक बाथरूम. तुलना करताना तिन्ही कोटेशनं जीएसटीसकट करून बघा.

ज्याच्याकडे नोंदणी नाही त्याला जीएसटी वेगळा लावता येत नाही, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची सोय) असलेल्यालाही नाही. नंबर मागा, १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने, आणि जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. छोट्या मिस्त्रीकडे नंबर नसणं यात गैर काही नाही, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागतच नाही. "सिमेंटवर २८ टक्के टॅक्स आहे साहेब" हे मात्र आता ऐकून घेऊ नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटसुद्धा १८ वर आलंय.

"बिल नको असेल तर कॅशमध्ये करू" म्हणतात तेव्हा दोन गोष्टी जातात, वॉरंटीचा पुरावा आणि भांडणाची वेळ आली तर कागद. शिवाय एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याची बंदी आहे, ते तुकडे करून दिले तरी.

कोटेशनमध्ये नेहमी काय राहून जातं?

राडारोडा. जुनी फरशी आणि गिलावा फोडला की गोण्यांच्या गोण्या निघतात, त्या खाली उतरवायची हमाली आणि टेम्पो कुणाचा हे निम्म्या कोटेशनमध्ये नसतं. तसंच नवीन माल वर चढवणं, सोसायटीचं डिपॉझिट आणि लिफ्टचे पैसे, शेवटची साफसफाई, न फोडलेल्या फरशीवर प्लास्टिक आणि पीओपी टाकून झाकणं.

आणि भंगार! जुन्या बिल्डिंगमधून सागवानी चौकटी, पितळी नळ, लोखंडी ग्रिल, तांब्याची वायर निघते, आणि फोडाफोडीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ते सगळं टेम्पोतून गेलेलं असतं. ते तुमचं आहे. काँट्रॅक्टरला देणार असाल तर फोडाफोडीच्या रकमेतून तेवढे कमी करून घ्या.

मटेरियल आपण आणावं का त्याच्यावर सोडावं?

टाइल, नळ, दिवे, हँडल, जे डोळ्याला दिसतं ते आपण निवडून आणावं. सिमेंट, वाळू, पाइप, चिकटवायचं मटेरियल त्याच्यावर, नाहीतर रोज सकाळी फोन येणार की अर्धी गोणी कमी पडली. दुकानात काँट्रॅक्टरला सोबत नेलंत तर त्याचं कमिशन बिलात येतं हे गृहीत धरा. एकदा आधी एकटे जाऊन त्याच टाइलचा भाव विचारून या, मग त्याच्याबरोबर जा.

किती घासाघीस करावी?

माप आणि वर्णन जुळवून झाल्यावर जास्त उरत नाही. सरसकट "दहा टक्के कमी करा" म्हटलं तर तो लगेच हो म्हणेल आणि रंगाचा एक हात कमी मारेल, पुट्टी पातळ लावेल, तुम्हाला दिसणारही नाही. त्यापेक्षा कामच कमी करा, फॉल्स सीलिंग फक्त हॉलला, लॉफ्टला साधं लॅमिनेट. बाकी दोघांपेक्षा एकाचा आकडा पाव हिश्श्याने कमी असेल तर खूश होण्याआधी कुठली ओळ गायब आहे ते शोधा.

ॲडव्हान्स किती द्यायचा?

१० टक्के ठीक, फर्निचरचा माल उचलायचा असेल तर थोडा जास्त. "अर्धे आधी" म्हणणाऱ्याला माझा नकार असतो. पुढचे पैसे तारखेवर नाही, कामावर: फोडाफोड झाली, प्लंबिंगची प्रेशर टेस्ट झाली, पाणी भरून टेस्ट झाली, टाइल झाली. ५ ते १० टक्के काम संपल्यानंतर महिना-दीड महिना हातात ठेवायचे, आणि गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग असेल तर एक पावसाळा जाईपर्यंत. हे आधी ठरवा, शेवटी सांगितलं तर भांडण होतं आणि तेव्हा त्याचंही बरोबर असतं.

रोज काहीतरी "एक्स्ट्रा" निघतंय.

जुन्या घरात काही एक्स्ट्रा खरंच निघतं, भिंत उघडल्यावर गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप दिसला तर त्यात त्याचा दोष नाही. आपल्या बाजूने १०-१५ टक्के वेगळे काढून ठेवा आणि ते त्याला सांगू नका. पण दर आधीच ठरलेले हवेत, एक जादा पॉइंट किती, एक फूट जादा टाइल किती, आणि तुमचा होकार व्हॉट्सॲपवर गेल्याशिवाय एक्स्ट्रा काम सुरू करायचं नाही. तोंडी एक्स्ट्राचा हिशोब शेवटी दोघांनाही आठवत नाही.

आम्ही बाहेर असतो, काम आईबाबांच्या घरात आहे. लांबून कसं बघणार?

व्हिडिओ कॉलवर भिंत बघून काही कळत नाही, टेप लावलेला फोटो मागा. आईबाबांना फक्त तीन गोष्टी सांगा: प्लायवरचा आणि कोटिंगच्या डब्यावरचा शिक्का, पाणी भरल्यावरची पेन्सिलची खूण, आणि झाकण्याआधी पाइप-वायरचे फोटो. ते फोटो पुढे भिंतीत खिळा मारतानाही उपयोगी पडतात. पैसे तुम्हीच ऑनलाइन पाठवा, त्यांच्याकडे तगादा लावायची सोय ठेवू नका, घरात बसलेल्या वयस्कर माणसाला "काका, मजुरांना आज द्यायचेत" म्हटलं की ते देऊन टाकतात.

अर्धवट सोडून गेला तर?

झालेल्या कामाची मापं आणि फोटो त्याच दिवशी घ्या, दुसरा मिस्त्री आत आला की पुरावा गेला. मग लेखी नोटीस. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षांची. महारेराकडे जाऊ नका, ते बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, तुमच्या सुताराला लागू होत नाही.

गणपतीनंतर सुरू करून दिवाळीच्या आत देतो म्हणतोय. होईल?

रंग आणि थोडंफार फर्निचर असेल तर होईल. फोडाफोड, दोन बाथरूम, ओटा आणि कपाटं असतील तर अवघड आहे, कोबा आणि गिलावा वाळायला वेळ लागतो आणि दिवाळीच्या तोंडावर रंगारी कुणालाच मिळत नाहीत, ज्याने जास्त हजेरी दिली त्याच्याकडे जातात. त्या घाईचे पैसे कोटेशनमध्ये कुठेतरी धरलेले असणारच. "दिवाळीनंतर निवांत केलंत तर किती?" हे विचारून बघा, आकडा खाली आला तर किती खाली आला ते लिहून ठेवा.